उत्पन्नाचे व्याकरण : ‘सिव्हिलायझेशन’ या खेळातील जमिनीचे वाचन

१

संगणकावरील खेळ साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतात की नाही, हा वाद आता जुना झाला आहे. एस्पेन आर्सेथ यांच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथाने वाचकाकडून प्रत्यक्ष श्रमाची अपेक्षा करणाऱ्या संहितांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला. पान उलटणे किंवा ओळीवरून नजर फिरवणे एवढ्याने अशी संहिता उलगडत नाही. वाचकाने काही निवडावे, काही करावे, तेव्हाच तिचा पुढचा भाग अस्तित्वात येतो. त्यानंतरच्या काही वर्षांत दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. एका पक्षाच्या मते खेळ हा कथनाचाच नवा आविष्कार होय. दुसऱ्या पक्षाच्या मते खेळ ही प्रथमतः नियमांची व्यवस्था असून तिला कथनमीमांसेची परिमाणे लावणे म्हणजे एका प्रांताने दुसऱ्यावर सांगितलेला अनाठायी हक्क होय. गोंझालो फ्रास्का आणि मार्कू एस्केलिनेन यांनी या दुसऱ्या पक्षाची मांडणी हिरिरीने केली.

या वादात एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांच्या नजरेआड राहिलेली दिसते. दोघांनीही खेळ येत असलेला खेळाडू गृहीत धरला. खेळ न येण्यापासून तो येईपर्यंतचा जो काळ असतो, त्याला या चर्चेत पूर्वतयारीपलीकडे स्थान मिळाले नाही. संस्कृती उभारण्याच्या खेळांत तर हा काळ अल्प नसतो. अन्न, उत्पादन आणि द्रव्य यांचा मेळ घालण्यास शिकता शिकता पहिले कित्येक डाव हातचे जातात; नगरे उपाशी राहतात, कोठारे रिकामी होतात, शेजारी पुढे निघून जातात. संसाधनांचे व्यवस्थापन शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, आणि ते शिकत असताना शिकणाऱ्याच्या दृष्टीतून काय निसटते, हा प्रश्न सिड मायर व ब्रूस शेली यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) या खेळाच्या आधारे येथे तपासावयाचा आहे. या खेळाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. विवेचनाचा आधार प्रामुख्याने पहिली आवृत्ती हा राहील, कारण नंतरच्या आवृत्त्यांतील दागदागिने बाजूला सारून मूळचा सांगाडा तिच्यातच स्पष्ट दिसतो.

२

खेळाचा आरंभ इ. स. पूर्व ४००० या वर्षी होतो. पटाचा बहुतेक भाग काळा असतो. मधोमध उजळलेली मोजकी घरे आणि त्यांवर वसाहत करणाऱ्यांचा एक जथा. त्या जथ्याने नगर वसवले की भोवतीची जमीन नगराच्या आवाक्यात येते : पाच बाय पाचच्या चौरसाचे चार कोपरे वगळून उरणारी २१ घरे. नगरातील एकेक नागरिक यांपैकी एकेका घरावर राबतो. घराला तीनच गोष्टी देता येतात : अन्न, उत्पादन आणि व्यापार. पडद्यावर त्यांची चिन्हे अनुक्रमे कणीस, ढाल आणि बाण अशी आहेत. कुरण दोन कणसे देते. माळ एक कणीस व एक ढाल. जंगल एक कणीस व दोन ढाली. समुद्र एक कणीस व दोन बाण. वाळवंट केवळ एक ढाल. प्रत्येक नागरिकाला दर खेळीस दोन कणसे लागतात. उरलेले धान्य साठत जाते आणि साठा पुरा भरला की वस्ती एकाने वाढते. बाणांतून आलेले द्रव्य कर, चैन व विद्या अशा तीन वाटांनी विभागता येते. सहा हजार वर्षांचा मानवी इतिहास, लिपीच्या शोधापासून ताऱ्याकडे निघालेल्या यानापर्यंत, या तीन चिन्हांच्या बेरजा-वजाबाक्यांतून निष्पन्न होतो.

या चिन्हव्यवस्थेतील दोन बाबी थांबून पाहण्याजोग्या आहेत. उत्पादनाचे चिन्ह ढाल हे आहे. मंदिर बांधावयाचे असो, ग्रंथालय उभारावयाचे असो वा धान्याचे कोठार, त्यासाठी लागणारी श्रमशक्ती ढालींतच मोजली जाते. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत ढालीच्या जागी हातोडा आला, म्हणजे रचनाकारांनाही ते चिन्ह पुढे खटकले असावे. परंतु मूळ संहितेत सर्व निर्मितीचे एकक हे शस्त्रागारातून उचललेले आहे. दुसरी बाब याहून सूक्ष्म आहे. एखाद्या नागरिकाला शेतावरून काढून घेतले की तो रिकामा राहत नाही. तो आपोआप ‘रंजनकार’ होतो आणि इतरांचा असंतोष शमवण्याच्या कामी येतो. नगर मोठे झाल्यावर त्याचा करवसुली करणारा किंवा शास्त्रज्ञ करता येतो, पण जमिनीपासून सुटलेल्या माणसाची पहिली अवस्था रंजनकाराची. कलावंत म्हणजे ज्याच्या वाट्याला घर आले नाही असा माणूस आणि कला म्हणजे असंतोषावरचा उतारा, अशी एक संपूर्ण कलामीमांसा या लहानशा नियमात दडलेली आहे. तिचा उच्चार कोठेही होत नाही. ती फक्त वापरली जाते.

नवशिका खेळाडू पट प्रथम चित्र म्हणून वाचतो. हिरवे दिसते ते सुपीक, पिवळसर दिसते ते कोरडे, या लौकिक ज्ञानाच्या बळावर तो हिरव्या कुरणाशेजारी नगर वसवतो आणि कुरणाला पाट काढून पाणी देतो. पाणी दिल्याने पीक वाढते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण त्याचे हे ज्ञान येथे फसते. आरंभीच्या एकाधिकारी राजवटीचा एक नियम असा की, ज्या घराचे कोणतेही उत्पन्न दोनहून अधिक होईल त्यातून एक वजा व्हावे. कुरणाची दोन कणसे पाण्याने तीन होतात आणि नियमाने पुन्हा दोन होतात. कित्येक खेळी खर्चून काढलेला पाट वाया जातो. तेच पाणी कोरड्या माळाला दिले असते तर एका कणसाची दोन झाली असती आणि ती टिकलीही असती. सुपीक जमिनीला दिलेले पाणी व्यर्थ आणि निकृष्ट जमिनीला दिलेले पाणी सार्थ, हा निष्कर्ष कोणत्याही शेतकऱ्याला विक्षिप्त वाटेल. खेळात तो आरंभीच्या शहाणपणाचा भाग आहे.

या चुकीचा अर्थ लावण्यास सोस्यूरची ‘मूल्य’ ही संकल्पना उपयोगी पडते. घराचा अर्थ त्याच्या चित्रात नाही. व्यवस्थेतील इतर घटकांशी असलेल्या त्याच्या संबंधांत आहे. राजवट बदलून राजेशाही आणली की ती वजाबाकी संपते, तोच पाट त्याच कुरणातून तिसरे कणीस देऊ लागतो. जमीन तीच, पाणी तेच; बदलले ते व्याकरण. संसाधन-व्यवस्थापन शिकणे म्हणजे चित्रापासून मूल्यापर्यंतचा हा प्रवास होय. खेळासोबत येणारी जाडजूड पुस्तिका आणि खेळाच्या आतच असलेला ‘सिव्हिलोपीडिया’ हा कोश यांची जागाही याच प्रवासात आहे. मूळ आवृत्तीत तर डाव ऐन रंगात आलेला असताना खेळाडूची एक परीक्षाही घेतली जात असे : अमुक शोधाआधी कोणते शोध लागावे लागतात? बेकायदा नकलांना आळा घालणे हा तिचा व्यावहारिक हेतू, कारण उत्तर पुस्तिकेत असे. परंतु त्यातून नकळत एक गोष्ट अधोरेखित झाली. राज्य करण्याचा अधिकार सिद्ध करावयाचा तर शास्त्र मुखोद्गत हवे.

३

शिकण्याच्या या प्रक्रियेला आपल्या काव्यशास्त्रात एक नाव आहे : अभ्यास. मम्मटाने काव्यहेतूंत शक्ती व निपुणता यांच्याबरोबर त्याची गणना केली. अभिनवगुप्ताने सहृदयाची जी व्याख्या केली तिच्यातही अभ्यासाला मध्यवर्ती स्थान आहे; काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि म्हणून वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्याला लाभली आहे, तो सहृदय. खेळातील निष्णात खेळाडू वरवर पाहता या व्याख्येत बसतो. त्यालाही अनुशीलनाने एक योग्यता लाभलेली असते; नवशिक्याला जेथे केवळ रंग दिसतात तेथे त्याला संबंध दिसतात; तोही तन्मय होतो, इतका की पुढची एक खेळी संपवून उठू असे म्हणता म्हणता पहाट होते.

पण तन्मय कशाशी, असे विचारले की साम्य संपते. या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर टेड फ्रीडमन यांनी १९९० च्या दशकात दिले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा : खेळाडूचे तादात्म्य राजाशी होत नाही, प्रजेशी तर नाहीच, ते संगणकाशी होते. खेळ जिंकणे म्हणजे त्याच्या रचनेवरील गूढतेचे आवरण दूर करणे, आणि ते पुरते दूर झाले की खेळाडू यंत्राच्या पद्धतीने विचार करू लागलेला असतो. सहृदयाच्या आरशात वर्ण्य विषय अधिक स्वच्छ उमटतो. निष्णात खेळाडूच्या आरशातून वर्ण्य विषय, म्हणजे नदी, जंगल, माळ, नगर, हळूहळू पुसट होत जातो आणि मागे आकडे उरतात. जंगल त्याला जंगल म्हणून दिसेनासे होते. एक कणीस, दोन ढाली एवढेच दिसते. येथे अभ्यासाचे फळ विषयाच्या साक्षात्कारात नाही, विषयाच्या विलयात आहे.

यावरून एक उलटा निष्कर्ष निघतो. साहित्यात अनभ्यस्त वाचक हा अपुरा वाचक मानला जातो. या खेळात मात्र अनभ्यस्त खेळाडूला असे काही दिसत असते की जे निष्णाताला दिसणे शक्य नाही. त्याला चित्र आणि मूल्य यांमधली फट दिसते. कुरणाला पाणी देऊन फसलेल्या खेळाडूला क्षणभर प्रश्न पडतो : असे का? जो हुशार होतो तो ‘असे का’ हा प्रश्न सोडून ‘मग काय करावे’ या प्रश्नाकडे वळतो. खेळ शिकला जातो तो या वळणावर. समीक्षेचे काम मात्र सोडून दिलेल्या पहिल्या प्रश्नापाशी आहे.

शिक्षणाच्या क्षेत्रातून याला अनपेक्षित पुष्टी मिळते. कर्ट स्क्वायर यांनी आपल्या २००४ च्या पीएच.डी. प्रबंधासाठी अमेरिकेतील शाळकरी मुलांना जगाचा इतिहास शिकवताना या खेळाची २००१ ची तिसरी आवृत्ती वापरली. खेळाची गुंतागुंत अनेकांना पेलली नाही आणि काहींनी तो सोडून दिला. परंतु नेहमीच्या शिक्षणात मन न रमणाऱ्या काही मुलांनी वसाहतवादाला बळी पडलेल्या लोकसमूहांची बाजू घेऊन डाव मांडले आणि इतिहास वेगळा घडू शकला असता काय, याचा शोध घेतला. त्यांच्या चर्चांत भूगोल, जमीन व संसाधने हे मुद्दे वारंवार येत. खेळ कोणते उत्तर देतो यापेक्षा तो शिकताना कोणते प्रश्न पडू शकतात, हे या प्रयोगात महत्त्वाचे ठरले.

४

आकडे उरतात असे म्हटल्यावर पुढचा प्रश्न असा की, हे आकडे निरागस आहेत काय? अलेक्झांडर गॅलोवे यांनी ‘गेमिंग’ (२००६) या ग्रंथात या संदर्भात एक प्रभावी भूमिका घेतली. या खेळातील राष्ट्रवाद, साम्राज्यवाद, पाश्चात्त्य प्रगतीची एकमार्गी कल्पना यांवर टीका करणे सोपे आहे. पण अशी टीका पृष्ठभागावरच राहते, असे ते म्हणतात. त्यांच्या मते खेळ इतिहासाविषयी काही चुकीचे सांगतो असे नाही; तो इतिहासाचे गणिती प्रतिमानात रूपांतर करून इतिहासालाच अनुपस्थित करतो. खेळाडू जे आत्मसात करतो ती विशिष्ट विचारसरणी नसून माहितीच्या नियंत्रणाची आजच्या युगाला साजेशी पद्धती असते.

या भूमिकेचा पूर्वार्ध मान्य करण्याजोगा आहे. भारताचा नेता म्हणून गांधीजींचे चित्र दाखवावे आणि त्यांनी शेजाऱ्यावर अण्वस्त्रांचा मारा करावा, या विसंगतीवर जेवढे बोलले गेले तेवढे कुरणाच्या दोन कणसांवर बोलले गेले नाही. गणनेतील एका दोषामुळे गांधीजी आक्रमक होत ही दंतकथा इतकी रूढ झाली की खुद्द सिड मायर यांना २०२० च्या आपल्या आत्मकथनात ती खोडून काढावी लागली. चित्रावरची चर्चा व्याकरणापर्यंत पोहोचत नाही, हा गॅलोवे यांचा आक्षेप म्हणून रास्त आहे. उत्तरार्ध मात्र तपासून घ्यावा लागतो. जमिनीचे गणितात रूपांतर होणे म्हणजे इतिहासाचा अभाव, हे म्हणणे ज्या प्रदेशाची जमीन एकदा प्रत्यक्षात गणितात रूपांतरित झालेली आहे, त्या प्रदेशातील वाचकाला सहजी पटण्यासारखे नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर दख्खनच्या जमिनीवर सारा किती आकारावा, हा कंपनी सरकारपुढील मोठा प्रश्न होता. १८२० च्या दशकात प्रिंगल यांनी रिकार्डोच्या खंडसिद्धांताचा आधार घेऊन जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढण्याचा प्रयत्न केला. तो फसला. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी मोजणी हाती घेतली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीला प्रमाण रूप दिले. शेताला क्रमांक मिळाला. शेताचा आराखडा चौकटींत विभागून एकेका चौकटीत मातीची खोली व रंग पाहावयाचा, वाळू, चुनखड, उतार अशा दोषांसाठी ठरावीक खुणा करावयाच्या, दोषागणिक प्रत उतरवावयाची आणि सरतेशेवटी सर्व चौकटींचा मेळ घालून शेताची किंमत १६ आण्यांच्या मापात मांडावयाची, अशी ही प्रतबंदी होती. शेत पाहणारा कारकून ज्या दृष्टीने पाहण्यास शिकत होता, तिच्यात बांधावरचे झाड, त्याखालचा देव, भाऊबंदकीचा तंटा, पाण्याच्या पाळ्या यांना जागा नव्हती. चौकट, खूण, आणे.

खेळाच्या पटाशी असलेले हे साधर्म्य योगायोगाचे म्हणून सोडून देता येणार नाही, आणि त्यातून एकाचा उगम दुसऱ्यात शोधण्याचेही कारण नाही. मायर यांच्यासमोर प्रिंगल वा विंगेट नव्हते. त्यांच्यासमोर ‘सिमसिटी’ (१९८९) हा संगणकीय खेळ होता. साधर्म्य वंशाचे नसून भूमिकेचे आहे. जेम्स स्कॉट यांनी ‘सीइंग लाइक अ स्टेट’ (१९९८) या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे आधुनिक राज्याला आपल्या मुलखाचे नियमन करण्यासाठी प्रथम तो वाचनीय करावा लागतो आणि वाचनीय करणे म्हणजे स्थानिक, गुंतागुंतीचे, तोंडी असलेले संबंध गाळून मोजता येईल तेवढेच शिल्लक ठेवणे. ‘सिव्हिलायझेशन’ शिकणारा खेळाडू राज्याची ही दृष्टी कमावत असतो. ती दृष्टी एका विशिष्ट काळी, विशिष्ट गरजेपोटी, विशिष्ट माणसांनी मुलखावर लादलेली होती. म्हणून जमिनीचे गणितात रूपांतर हा इतिहासाचा लोप नव्हे. ते रूपांतरच इतिहास आहे. गॅलोवे ज्याला माहितीयुगाची नियंत्रणपद्धती म्हणतात, तिचा एक पूर्वावतार इंदापूरच्या माळावर साखळी ओढत फिरत होता.

मराठी वाचकाला हा भेद सांगण्यासाठी परकीय परिभाषेची गरजही नाही. सातबारा उतारा दोन नमुन्यांचा बनलेला असतो. नमुना ७ जमिनीवरचे हक्क सांगतो : ती कोणाची, तिच्यावर कोणाचा बोजा, कोण कूळ. नमुना १२ पीक सांगतो. ‘सिव्हिलायझेशन’मधील जमिनीला बारा आहे, सात नाही. ती कोणाची असा प्रश्न नगराच्या पातळीखाली कधी उद्भवतच नाही. तीवर राबणारा नागरिक एका टिचकीसरशी दुसऱ्या घरावर हलवता येतो. त्याचे मागच्या घरावर काही उरलेले नसते.

५

व्याकरणाचे बळ त्यात काय म्हणता येते यावरून कळते. त्याची मर्यादा काय म्हणता येत नाही यावरून. या खेळात जे म्हणता येत नाही त्याचे सर्वांत ठळक उदाहरण पशुपालकाचे आहे. दख्खनमधील धनगरांच्या जीवनाचा व दैवतांचा गुंथर सोन्थायमर यांनी जो अभ्यास केला, त्यातून कोरड्या माळांचे एक निराळे वाचन समोर येते. पावसाळा सरल्यावर कळप बाहेर पडतात. वाटेवरच्या गावांत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, त्यांच्या लेंड्यामुतानी जमिनीला खत मिळते आणि मोबदल्यात धनगराला धान्य मिळते. एकच शेत एका ऋतूत कुणब्याचे असते आणि दुसऱ्या ऋतूत काही रात्रींपुरते मेंढ्यांचे. त्याचे उत्पन्न किती, या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही, कारण ते उत्पन्न दोन जीवनपद्धतींच्या भेटीतून निर्माण होते. खेळाच्या पटावर हे घर मांडताच येत नाही. तेथे एक घर एका वेळी एका नगराचे आणि एका नागरिकाचे. ज्याला नगर नाही त्याला संस्कृती नाही. नगराविना हिंडणारे ते ‘रानटी’. पटावर विखुरलेल्या लहान वस्त्यांचे तर याहून वाईट. खेळाडूचा जथा तेथे पोहोचला की वस्ती सोने देते, ज्ञानाची गुंडाळी देते, कधी भाडोत्री सैनिक देते, आणि नाहीशी होते.

या खेळप्रकाराला १९९३ मध्ये अ‍ॅलन एमरिच यांनी चार क्रियापदांवरून ‘फोर-एक्स’ असे नाव दिले. मराठीत ती क्रियापदे शोधणे, विस्तारणे, उपसणे आणि संपवणे अशी होतील. संसाधन-व्यवस्थापन यांतील तिसऱ्या क्रियापदाचे सौम्य नाव आहे. जपणे, वाटून घेणे, पडीक ठेवणे, परत करणे ही क्रियापदे या व्याकरणात नाहीत. उत्तरकाळात प्रदूषणाची खूण घरांवर उमटते, ती वेळीच न पुसल्यास पृथ्वी तापते आणि काही घरे वाळवंट वा दलदल होतात. १९९१ मधील खेळाने हे दाखवावे ही रचनाकारांची दूरदृष्टी मानली पाहिजे. तरी ही हानीदेखील घटलेल्या कणसांच्या रूपानेच कळते. नुकसान म्हणजे उत्पन्नातील तूट, याहून वेगळी भाषा तिला मिळत नाही.

पुढील आवृत्त्यांनी सीमा, धर्म, संस्कृती, नगरांचे विभाग अशी भर घातली. शब्दसंग्रह वाढला, व्याकरण टिकून राहिले. याची तीक्ष्ण जाणीव एका घटनेने करून दिली. सहाव्या आवृत्तीच्या २०१८ च्या विस्तारात कॅनडातील क्री लोकांचा आणि पाउंडमेकर या त्यांच्या नेत्याचा समावेश करण्यात आला. चित्रणात अनादर नव्हता. आपल्या नेत्याची जगाला ओळख होते याचे काही कौतुकही झाले. तथापि पाउंडमेकर क्री समाजाचे एक प्रमुख मिल्टन टूटूसिस यांनी जाहीर आक्षेप घेतला. इतर लोकांना जिंकावे, त्यांच्या भूमीपर्यंत पोहोचावे, ही वसाहतवाद्यांची मूल्ये आपल्या लोकांचीही होती असा समज यातून पक्का होतो, असा त्या आक्षेपाचा रोख होता. समीक्षेच्या दृष्टीने हा आक्षेप अनमोल आहे. त्याचा रोख चेहऱ्यावर, पोशाखावर, उच्चारावर नाही. ज्या वाक्यात आपल्याला कर्ता म्हणून बसवले त्या वाक्याच्या क्रियापदावर आहे.

मराठी साहित्याला अशा आक्षेपाची परंपरा अपरिचित नाही. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये साऱ्याची आकारणी आणि जंगलखात्याने घेरलेली गायराने यांविषयी जे लिहिले, ते त्याच मोजणीचे मोजल्या गेलेल्या माणसाच्या बाजूने केलेले वाचन होते. घरावर राबणाऱ्या नागरिकाला वाचा फुटली तर तो काय बोलेल, याची कल्पना त्या ग्रंथावरून करता येते.

६

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. खेळ हा खेळ आहे. ‘होमो लुडेन्स’ (१९३८) मध्ये हुइझिंगा यांनी खेळाचे वेगळेपण दाखवले ते तो नित्य व्यवहारापासून सीमारेषेने अलग असतो म्हणूनच. बुद्धिबळातील घोडा अडीच घरे चालतो म्हणून कोणी त्याला प्राणिशास्त्रातील चूक म्हणत नाही. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराच्या अंगाने पाहिले तर या खेळाचे सौंदर्य त्याच्या घटकांतील संवाद, विरोध व समतोल यांच्या लयीत आहे. अन्न वाढवावे तर उत्पादन घटते, विद्येला द्यावे तर कोष रिता होतो, या ताणांची नेटकी मांडणी हाच त्याचा घाट. त्यावर महसूलाच्या इतिहासाचे ओझे लादणे हा लौकिकाचा अलौकिकावर अतिक्रम नव्हे काय?

शंकेतील एक अंश स्वीकारावाच लागतो. या ताणांची रचना खरोखर सुंदर आहे, आणि ती सुंदर नसती तर तिच्या व्याकरणाची एवढी चिकित्सा करण्याचे कारण उरले नसते. परंतु रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे लौकिकतावादी व अलौकिकतावादी या दोन भूमिकांपैकी कोणत्याही एकीने कलाव्यवहाराचा सारा उलगडा होत नाही. बुद्धिबळाने घोड्याशी असलेले नाते केव्हाच तोडले आहे. ‘सिव्हिलायझेशन’ने जमिनीशी असलेले नाते तोडलेले नाही; ते त्याला तोडता येत नाही. त्याच्या घराला कुरण म्हणतात, त्याच्या राजवटींची नावे खरी आहेत, त्याच्या कोशात शोधांचे इतिहास दिले आहेत, आणि त्याची मोहिनी बव्हंशी या खरेपणाच्या दाव्यावर उभी आहे. हीच घरे अ, ब, क अशा अक्षरांनी दाखवली असती तर घाट तोच राहिला असता, ओढ राहिली नसती. जो खेळ लौकिकाकडून एवढे उसने घेतो, त्याला हिशेबाच्या वेळी अलौकिकतेचा आश्रय घेता येणार नाही.

यावरून हा खेळ खेळू नये, असा उपदेश निष्पन्न होत नाही. निष्पन्न होते ते समीक्षेचे एक कार्य. संसाधन-व्यवस्थापन शिकवणारे मार्गदर्शन विपुल आहे. पहिले नगर कोठे वसवावे, पाणी कोणत्या घराला द्यावे, कोठार केव्हा बांधावे, हे कोणीही सांगेल. चुकलेल्या पाटापाशी थांबून त्या चुकीला वाचन मानणारी दृष्टी दुर्मीळ आहे. आजही गावोगाव पीक पैशांत मोजले जाते, आणि दुष्काळ जाहीर करताना ५० पैशांची रेषा दीर्घकाळ अनेक घरांचे वर्ष ठरवत आली. जुन्या आणेवारीचा हा वारसा अजून चालू असलेल्या समाजात, उत्पन्नाच्या आकड्याकडे भाषेचा एक प्रकार म्हणून पाहता येणे हे केवळ खेळाच्या समीक्षकाला नव्हे, वाचकमात्राला आवश्यक आहे. कुरणाला दिलेले पाणी कोठे गेले, असे विचारणारा नवशिका त्या वाचनाच्या उंबरठ्यावर उभा असतो. त्याला घाईने निष्णात करून सोडण्याआधी त्याचा प्रश्न पुरता ऐकून घेतला पाहिजे.